अबोल मुलांना घुमे ठरवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘मुलगी हुशार आहे, पण घुमी आहे’, ही तक्रार आपल्या बेळगाव-खानापूर भागातील पालकसभांमध्ये नेहमी ऐकू येते. अशा मुलांना समजून घेण्यासाठी एनिअग्राम ही स्वभावमीमांसा पालकांनी आणि शिक्षकांनी जाणून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. ऑस्कर इचाझो आणि त्यांच्यानंतर चिलीचे मानसोपचारतज्ज्ञ क्लाउडिओ नारान्हो यांनी आकाराला आणलेल्या या मांडणीत स्वभावाचे नऊ प्रकार असून पाचवा प्रकार निरीक्षकाचा, ज्ञानाची ओढ असणाऱ्याचा आहे.

आपली शक्ती मोजकीच आहे आणि जग मात्र सतत काहीतरी मागत आहे, ही या माणसाची खोलवरची भीती असते; म्हणून तो चार पावले मागे सरतो, न्याहाळतो, माहिती जमवतो आणि पूर्ण तयारी झाल्याखेरीज पुढे येत नाही. या प्रकाराचा दोष ‘लोभ’ मानला आहे, पण तो पैशांचा नव्हे. वेळ, एकांत आणि ज्ञान राखून ठेवण्याचा. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारे मूल शिष्ट नसते. त्याच्या भावनाही अनेकदा प्रसंग सरल्यावर, एकटे असतानाच वर येतात. भर वर्गात अचानक विचारल्यावर गप्प राहणारे असे मूल, आदल्या दिवशी प्रश्न दिला तर सविस्तर उत्तर घेऊन येते.

आपल्या सीमाभागात मात्र एक खबरदारी आवश्यक आहे. घरी मराठी आणि शाळेत कन्नड किंवा इंग्रजी असलेले मूल केवळ शब्द सापडत नाहीत म्हणूनही गप्प बसते, आणि तेच मूल गल्लीत मोकळेपणाने बोलते. तिथे प्रश्न भाषेचा असतो, स्वभावाचा नव्हे, आणि त्यावरचा उपायही वेगळा असतो. शिवाय एनिअग्रामला भक्कम शास्त्रीय आधार नाही. त्यामुळे मुलावर ‘पाचवा’ असा शिक्का मारणे ‘घुमा’ म्हणण्याइतकेच अन्यायाचे ठरेल.

जमवलेले ज्ञान इतरांना देण्याची सवय लागणे, हीच या स्वभावाची खरी वाढ आहे, आणि ती स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावर ढकलून होत नाही. १८४८ पासून ग्रंथसेवा करणाऱ्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाने आणि गावोगावच्या मराठी शाळांनी, अशा मुलांना आवडीच्या विषयावर चार-पाच श्रोत्यांसमोर, तयारीला पुरेसा वेळ देऊन बोलण्याची संधी द्यावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, खानापूर