आईला घेऊन अंदमानला: मैत्रिणीला पत्र

प्रिय मनू,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. 'आईला घेऊन कुठे तरी जावं असं वाटतंय, पण इतक्यात जाऊ का?' असं तू विचारलं आहेस. फोनवर मी नुसतं 'जा गं' म्हणाले असते आणि विषय संपला असता, म्हणून मुद्दाम लिहायला बसले.

जा. पण दुःख विसरायला म्हणून नेऊ नकोस. बाबा गेल्यावर मी आणि आई अंदमानला निघालो तेव्हा जो तो म्हणत होता, 'जाऊन या, तेवढंच मन रमेल.' मन काही रमलं नाही. तिथे जाऊन आम्ही दोघी बाबांबद्दल बोलायला लागलो. घरी ते जमतच नव्हतं.

बाबा गेल्यानंतरचे महिने तू पाहिलेच आहेस. आधी माणसांचा राबता, मग मृत्यूचा दाखला, फॅमिली पेन्शन, बँकेची कामं. आई सह्या करायची, मी झेरॉक्स काढून आणायचे. एकमेकींसमोर आम्ही अगदी खंबीर. ती स्वयंपाकघरात नळ सोडून रडायची, मी माझ्या खोलीचं दार लावून. आणि बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, शिवाय जाणं-येणं. कित्येक वर्षं आईचा आठवडा त्यावरच बेतलेला होता. ते थांबलं आणि रिकामे दिवस तिच्या अंगावर यायला लागले. सकाळी उठून, आवरून ती पर्स घेऊन बसलेली असायची. कुठे जायचं नसायचं.

अंदमान ठरलं तेही बाबांमुळेच. 'रिटायर व्हायच्या आत एलटीसी (नोकरीतली प्रवास-सवलत) घेऊन एकदा अंदमान करायचं' हे ते दर वर्षी म्हणायचे आणि दर वर्षी कुणाचं तरी लग्न, कुणाचं तरी आजारपण निघायचं. मग तर त्यांचंच. मी विचारलं तेव्हा आई दोन दिवस काहीच बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'सेल्युलर जेल बघायचं असेल तर येते. ह्यांचं राहून गेलं ते.'

पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजयपुरम) उतरल्यावर पहिलं तेच पाहिलं. मधला मनोरा आणि त्याला जोडलेल्या सात लांबलचक इमारती, असं ते जेल १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालं. आता सातांपैकी तीनच उरल्या आहेत. रचना अशी की एका इमारतीच्या कोठड्यांसमोर दुसऱ्या इमारतीची पाठ येते, म्हणजे कैद्याला कैद्याचं तोंडसुद्धा दिसू नये. बाबाराव आणि तात्याराव सावरकर, सख्खे भाऊ, एकाच तुरुंगात असून त्यांना एकमेकांना भेटता येत नव्हतं. सावरकरांच्या कोठडीपाशी आई बराच वेळ उभी होती. खाली उतरताना कठड्याला धरून थांबली आणि म्हणाली, 'आपलंही घरात असंच झालंय गं. तू तिकडे तोंड करून, मी इकडे.' मला काही बोलवेना. तिचा हात धरला आणि तशाच खाली आलो.

दुसऱ्या दिवशी बोटीने नीलला गेलो. २०१८ पासून त्याचं नाव शहीद द्वीप आहे. हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, जास्त प्रसिद्ध आणि राधानगरचा किनारा खरोखरच देखणा, पण तिथे गर्दी असते. तुम्ही दोघी नीललाच राहा. बेट एवढंसं आहे की 'आज काय काय बघायचं' हा प्रश्न लवकर संपतो, आणि मला तेच हवं होतं.

तिथल्या दगडी कमानीकडे ओहोटीला जायचं असतं. पाणी मागे हटलं की खडकांमधली डबकी उघडी पडतात आणि गाइड एकेक जीव दाखवत नेतात. एका डबक्यात मोठा शिंपला होता, खडकात रुतलेला, दोन शिंपांच्या मधून निळसर-जांभळी मांसल झालर बाहेर आलेली. आई वाकली, तिची सावली वर पडली आणि झालर चटकन आत गेली. आई बाजूला सरली. हळूहळू ती परत बाहेर आली. आईने पुन्हा हात धरला, पुन्हा आत! 'हे असते ना,' ती म्हणाली, 'तर इथून हललेच नसते. त्या बिचाऱ्याला दिवसभर उघड-मीट करायला लावली असती.' आणि हसली, डोळे पुसत हसली. मनू, इतक्या महिन्यांत बाबा पहिल्यांदाच पेशंट नव्हते. खोडकर, हट्टी, धडधाकट असे आमच्यासमोर आले.

त्यानंतर तिचं बोलणं थांबेना. लग्नानंतरची त्यांची पहिली बदली, मला कधीच न सांगितलेलं एक मोठं भांडण, त्यांनी चोरून भरलेला तिचा परीक्षेचा फॉर्म. तिथे कोणी आम्हाला ओळखत नव्हतं, 'आता कसं वाटतंय?' असं विचारणारं कोणी नव्हतं, यानेही फार फरक पडला असं मला वाटतं. घरी ती सगळ्यांसाठी 'बिचारी' झाली होती. तिथे ती नुसती समुद्र बघायला आलेली एक बाई होती.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. संध्याकाळी जपून. घड्याळ आपलंच, पण बेटं पुष्कळ पूर्वेला, त्यामुळे हिवाळ्यात पाच-साडेपाचलाच सूर्य बुडतो आणि रात्र संपता संपत नाही. एका रात्री आई खूप रडली, 'मी एकटी कशाला मजा करायला आले' म्हणत. मी गप्प बसून राहिले, समजूत घातली नाही, मग मीही रडले. त्या रात्री दोघींनाही गाढ झोप लागली. तुझ्यावर अशी वेळ आली तर घाबरू नकोस आणि लगेच परतीची तिकिटंही बघू नकोस.

बाकी बारीकसारीक: पावसाळ्यात जाऊ नकोस, समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला येऊन राहा. आईची औषधं हातातल्या बॅगेत ठेव. शंख, पोवळ्याचे तुकडे काही उचलू नका, बंदी आहे. नेटवर्कचा भरवसा नाही, नातेवाइकांना तसं आधीच सांगून टाक. आणि 'एवढ्यात सहल कसली?' असं विचारणारे भेटतीलच. त्यांना उत्तर देत बसू नकोस.

काकूंचं मन होत नसेल तर आमच्या आईशी त्यांचं बोलणं करून दे. हे पत्र लिहितेय म्हटल्यावर तिनेच सांगितलं, 'तिच्या आईला म्हणावं मला फोन कर, मी सांगते.' दुपारी चारनंतर करा, त्याआधी ती आता मस्त झोपलेली असते.

तुझीच,
मैत्रीण