खाटेपर्यंत पोचायचं कसं? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,

रुग्णालयातले उपचार मोफत देणाऱ्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची खर्चमर्यादा कुटुंबामागे दीड लाखावरून ५ लाख झाली, पांढऱ्या शिधापत्रिकाही आत आल्या. चांगलंच झालं. पण भामरागड, धडगाव, धारणी अशा दुर्गम तालुक्यांत अडतं ते रकमेपाशी नाही. योजना लागू होते रुग्ण दाखल झाल्यावर, आणि तिथला रुग्ण दाखल होईपर्यंतच मोडतो.

बाळंतपणाचंच घ्या. सिझेरियनला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त एकाच वेळी लागतं. तिन्हींतलं एक नसलं की चिठ्ठीवर ‘रेफर’, म्हणजे मोठ्या रुग्णालयात न्या. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये मेळघाटातला घाटरस्ता. प्रसूतीनंतरच्या जोराच्या रक्तस्रावात दोन तासांतही बाई दगावू शकते. १०८ची गाडी वेळेवर आली तरी हे गणित जुळत नाही.

म्हणून प्रत्येक तालुक्याला प्रत्यक्षात सुरू असलेलं रक्तसाठवण केंद्र हवं. त्याला वेगळी इमारत लागत नाही. २ ते ६ अंश तापमान राखणारा रक्ताचा फ्रीज, वीज जाताच सुरू होणारं जनरेटर, क्रॉसमॅच (पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का, ही तपासणी) करणारा तंत्रज्ञ आणि मूळ रक्तपेढीतून ठरल्या वारी येणाऱ्या पिशव्या, एवढंच. घोडं पेंड खातं ते तंत्रज्ञापाशी: तो दिवसपाळीपुरता असेल तर रात्री फ्रीजमधलं रक्त असून नसल्यासारखं. पिशव्या वाया जातील ही भीतीही फोल आहे. लाल पेशींची मुदत ३५ ते ४२ दिवस असते. ती संपण्याआधी पिशवी जिल्हा रुग्णालयात पाठवली की तिथे लागतेच.

भूलतज्ज्ञ मिळत नाहीत हे खरं. त्यासाठीच एमबीबीएस डॉक्टरांना भूल देण्याचं प्रशिक्षण दिलं जातं. मग त्यांची बदली शस्त्रक्रियागृह नसलेल्या ठिकाणी का व्हावी? बदलीच्या आदेशात तशी अट घालायला तिजोरीतून रुपयाही जात नाही.

तपासण्यांचं दुखणं वेगळं. योजनेतून उपचाराआधी घ्यायच्या पूर्वमंजुरीला अहवाल लागतात. त्यातून शस्त्रक्रिया निघाली नाही, तर सीटी स्कॅनचा खर्च रुग्णाच्या माथी येऊ शकतो. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या योजनेत नाहीतच. उपकेंद्रातल्या संपल्या की माणूस गोळी सोडतो, आणि लकवा मारल्यावर योजना धावून येते.

प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयातून रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत पुढे पाठवलेल्या बाळंतिणींचा आकडा दर महिन्याला जाहीर करा. शेजारी कारणाचा रकाना ठेवा: डॉक्टर, भूल की रक्त. पुढच्या अर्थसंकल्पात पैसा कुठे घालायचा, ते त्या रकान्यावरून ठरवा.

आपले,
ग्रामीण आरोग्यसेवेतले कार्यकर्ते