गेमच्या खोक्यावरचा वयाचा आकडा दिसू द्या

मा. संपादक,
स. न.

दिवाळी तोंडावर आली की लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत व्हिडीओ गेम घ्यायला पालकांची झुंबड उडते. यातले बहुतेक जण स्वतः गेम खेळत नाहीत. खोक्यावरचे नाव आणि चित्र, एवढ्याच भरवशावर ते चार-पाच हजार रुपये मोजतात.

'ग्रँड थेफ्ट ऑटो' हवा असलेला मुलगा घरी फक्त 'गाड्यांचा गेम' म्हणून सांगतो. 'गॉड ऑफ वॉर' हे नाव ऐकून आजीला देवादिकांची गोष्ट वाटली, तर त्यात तिचा काय दोष? युरोपातल्या 'पेगी' या गेमसाठी वयोगट ठरवणाऱ्या पद्धतीनुसार हे दोन्ही गेम 18 वर्षांवरच्यांसाठी आहेत. आपल्याकडच्या अनेक खोक्यांवर हा आकडा लाल चौकोनात, खालच्या कोपऱ्यात असतो. मागे आत काय आहे त्याची चिन्हे असतात: मारामारीसाठी मूठ, भीतीसाठी कोळी. पण नजर जाते ती मधल्या चित्राकडे.

आणि ते चित्र विक्रीचा हिशेब मांडूनच ठरते. 2013 साली आलेल्या 'बायोशॉक इन्फिनिट'च्या दर्शनी बाजूला होता फक्त बंदूकधारी नायक. कथेचा प्राण असलेली एलिझाबेथ तिथे नव्हतीच. गेमचे कर्ते केन लेव्हिन यांनी तेव्हा उघडच सांगितले होते, की ज्यांना या गेमची काहीच माहिती नाही अशा गिऱ्हाइकांसाठी ते चित्र आहे. त्याच वर्षीच्या 'द लास्ट ऑफ अस'मधल्या एली या मुलीलाही खोक्याच्या मागच्या बाजूला ढकलण्याची सूचना झाली होती. गेम बनवणाऱ्या 'नॉटी डॉग' कंपनीने ती साफ धुडकावली, याचे मला आजही कौतुक वाटते.

नव्वदच्या दशकात आमच्या पिढीने '9999999 इन 1' असे छापलेल्या कॅसेट घेतल्या. आत तेच मोजके गेम पुन्हा पुन्हा निघायचे. तेव्हा नुकसान व्हायचे ते पैशांचे. आता नऊ-दहा वर्षांच्या मुलासमोर पडद्यावर गळे चिरले जातात, आणि सील फोडलेला गेम दुकानदार परत घेत नाही.

माझी खरी तक्रार आहे ती पांढऱ्या स्टिकरबद्दल. आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, एमआरपी वगैरे माहिती असणे वेष्टनबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांनुसार सक्तीचे आहे, आणि ते योग्यच आहे. पण ग्रँट रोडच्या एका दुकानात मी हातात घेतलेल्या खोक्यावर हे स्टिकर नेमके मागच्या चिन्हांवर चिकटवलेले होते. नखाने कोपरा उचलला तेव्हा खालची मूठ दिसली.

सिनेमाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. 2024 च्या नोव्हेंबरपासून तर यूए 7+, 13+ आणि 16+ असे टप्पेही झाले. खोक्यातल्या गेमला आपल्याकडे असे सरकारी प्रमाणपत्र लागत नाही, त्यामुळे परदेशातून छापून आलेला तो आकडा हाच पालकांचा एकमेव आधार आहे. हे नियम राबवणाऱ्या वैधमापन शास्त्र यंत्रणेने आयातदारांना दोन गोष्टी बजावाव्यात: वयाच्या चिन्हावर स्टिकर लावायचे नाही, आणि त्याच स्टिकरवर एमआरपीशेजारी 'वय 18 वर्षांपुढे' असे मराठीत ठळक छापायचे. ते होईपर्यंत दुकानदारांनी बिल करण्याआधी 'मूल केवढे आहे?' असे विचारायला सुरुवात करावी. त्यासाठी कुठल्या परिपत्रकाची गरज नाही.

– एक पालक, गोरेगाव (पूर्व), मुंबई