रजेवर गेलेल्या खासदारीणबाई

चि. पिंटूस,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तू हसत हसत बोललास ते मनात राहिलं. "आई, इथं मेक्सिकोत निम्म्या बायका खासदार, राष्ट्राध्यक्षही बाईच. आपल्याकडं बाई सही करणार आणि कारभार नवरा बघणार." ग्वादालाहाराला जाऊन दीड वर्ष झालं नाही तोवर गाव परकं झालं होय रे?

पण खोटं नाही बोललास. 2012 ला मी सरपंच झाले तेव्हा पहिले सहा महिने ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे ठरावांची वही, घरी यायची. तुझे बाबा चष्मा लावून वाचणार, मी पिठाचा हात पुसून सही करणार. तू दहावीला होतास, तिथंच सोप्यात पुस्तक घेऊन बसायचास. सगळं बघितलंस. म्हणून तुझं बोलणं लागलं.

मग ताईकडून मोबाईलवर तुझ्या मेक्सिकोचं काढून घेतलं आणि दोन दिवस वाचत बसले. वाचून हसूच आलं. अरे, त्यांच्याकडं तर आपल्यावर ताण!

तिथं प्रत्येक उमेदवारासोबत एक बदली उमेदवार असतो. निवडून आलेल्यानं रजा घेतली की पोटनिवडणूक नाही, बदलीवाला सरळ खुर्चीत. 2009 साली कायदा सांगत होता की स्त्री असो वा पुरुष, कुणाचेही उमेदवार 40 टक्क्यांच्या खाली नकोत. पक्षांनी बायकांना तिकिटं दिली आणि बदली म्हणून पुरुष लावले. सप्टेंबरमध्ये संसद भरली, आणि सुरुवातीलाच आठ जणींचे रजेचे अर्ज! एकीचा बदली तर तिचा नवराच होता. तिथं या बायकांना 'हुआनिता' म्हणू लागले. मूळ शब्द कुठला माहितेय? त्याच वर्षी मेक्सिको सिटीतल्या एका भागात 'हुआनितो' टोपणनावाचा एक गडी असा शब्द देऊन उभा राहिला, की मी जिंकतो आणि जागा क्लारा ब्रुगादा या बाईंना सोडतो. म्हणजे तिथं जागा सोडणारा पुरुष, आणि नाव मात्र बायकांना चिकटलं. (त्याच ब्रुगादाबाई 2024 पासून अख्ख्या राजधानीचा कारभार बघतात.)

पुढचं नीट वाच. वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका, एरवी एकमेकींविरुद्ध प्रचार करणाऱ्या, एकत्र येऊन निवडणूक न्यायाधिकरणात गेल्या. 2011 च्या नोव्हेंबरात निकाल लागला : उमेदवार बाई असेल तर बदलीही बाईच. पक्षात मतदान घेऊन उमेदवार ठरवला की कोटा लागू नाही, ही पळवाटही बंद. पुढच्याच वर्षी खासदारांत बायकांचं प्रमाण 37 टक्क्यांच्या आसपास गेलं. 2014 ला घटनेतच निम्मी तिकिटं आली, आणि वर कायद्यात हेही की हरायच्या जागा तेवढ्या बायकांच्या गळ्यात मारायच्या नाहीत. 2021 ला 500 खासदारांपैकी 250 बायका. मेक्सिकोचे पुरुष एकाएकी शहाणे झाले नाहीत, एकेक भोक बुजवावं लागलं. आजही तिथं उभ्या राहणाऱ्या बायकांना धमक्या येतात, त्यासाठी 2020 ला कायदे बदलावे लागले.

आता माझ्या मनातलं. तिथं सक्ती पक्षावर आहे, आपल्याकडं वॉर्डावर. सोडत निघते, वॉर्ड महिलेसाठी राखीव होतो, मग पॅनेलवाले बाई शोधत हिंडतात. तसेच आपल्या दारात आले होते. सातव्या महिन्यापासून मी ते बुक ग्रामपंचायतीतच ठेवायला लावलं, शाळेमागच्या गटाराचा ठराव स्वतः मांडला, हे तुला आठवत नसेल. तू तेव्हा सांगलीला कॉलेजात. पाच वर्षांनी वॉर्ड खुला झाला आणि त्याच पॅनेलनं मला साधं विचारलंसुद्धा नाही. काम शिकलेली बाई घरी, आणि शेजारच्या वॉर्डात नवी बाई पहिल्यापासून शिकायला लागली.

दिल्लीचंही तसंच व्हायची भीती वाटते. 2024 ला लोकसभेत 543 पैकी 74 बायका, आपल्या महाराष्ट्रातून 48 पैकी सात. 2023 ला एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती झाली खरी, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच ती लागू व्हायची, आणि जागा तिथंही फिरत्याच. तिकीट वाटणाऱ्याला मात्र कुणी हात लावलेला नाही. निम्मी तिकिटं द्या म्हटलं तर आरक्षित जागांची गरजच कशाला?

बाबांना हे वाचून दाखवलं. गप्प बसले, मग म्हणाले, "सहा नाही, चारच महिने बुक घरी येत होतं." असू दे.

2027 च्या जूनमध्ये तिथं खासदारांची निवडणूक आहे. तोवर तू तिथं असलास तर कुणाकडून मतपत्रिकेचा नमुना मिळव आणि फोटो पाठव. उमेदवाराच्या नावाबरोबर बदलीचंही नाव छापतात म्हणे. मला ते दुसरं नाव बघायचंय.

दाण्याची चटणी कुरिअरनं पाठवतेय. हवाबंद केलीय.

तुझी,
आई