फणसाचं टेबल

दापोली

प्रिय विज्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं टेबल झालं. काल मेणाचा शेवटचा हात दिला. सध्या मागच्या पडवीत उभं आहे आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यावरून हात फिरवून जातो.

3 जून 2020 ला निसर्ग वादळात तुमचा मागीलदारचा फणस आडवा झाला, तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या होत्या, "याला चुलीत घालू नका रे." तेव्हाच दीड इंची फळ्या पाडून घेतल्या, टोकांना ऑइलपेंट फासला आणि मधे पट्ट्या देऊन सावलीत रचून ठेवल्या. लाकूड टोकांकडून भराभर सुकतं आणि तिथूनच तडकतं, म्हणून तो रंग. इंचाला एक वर्ष असा सुकवणीचा जुना हिशेब आहे. आपल्या फळ्यांना त्याहून कितीतरी जास्त मिळालं. कडेचं पांढरं लाकूड सगळं काढून टाकलं, किडा आधी तेच खातो. उरला तो निव्वळ पिवळाधमक गाभा.

फणस रंध्याला सहज वश होत नाही. एका पट्ट्यात तंतू इकडे, शेजारच्या पट्ट्यात तिकडे. सरळ रंधा मारला की चिरफळ्या उचकटतात. पातं केसभर बाहेर ठेवून रंधा तिरका चालवला, तेव्हा कुठे पृष्ठभाग साफ निघाला. पाय आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या खाच-कुसवाने, म्हणजे एकाच्या खाचेत दुसऱ्याचं टोक बसवून जोडल्यात, आरपार लाकडी खुंट्या मारून. चौकटीत एकही खिळा नाही.

आता मुख्य गोष्ट, ही नीट वाच. वरची फळी चौकटीला पक्की बसवलेली नाही. फळीला खालून स्क्रूने लाकडी गुटके लावलेत, ते पट्ट्यांच्या खाचेत सरकतात. इथल्या पावसाळ्यात लाकूड फुगणार, तुझ्या नागपूरच्या मे महिन्यात ते आक्रसणार. लांबीत फरक जाणवत नाही, पण तीन फुटांच्या रुंदीत दोन-चार सूत, म्हणजे पाव ते अर्धा इंच, सहज पडतो. फळीला सरकायला जागा नसेल तर ती मधोमध फाटते. तेव्हा उन्हाळ्यात फळी थोडी अरुंद वाटली म्हणून कुणा सुताराकडून खालून स्क्रू पिळून घेऊ नकोस. गुटके जसे आहेत तसेच राहू देत. आणि टेबल कूलरच्या झोतात ठेवू नकोस.

तू चकचकीत पॉलिश मागितलं होतंस. मी तेल दिलं. चकचकीत थरावर ओरखडा पडला की सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं. तेलाच्या लाकडावर पडला तर तेवढ्याच जागी पॉलिश पेपर मारून पुन्हा तेल चोळलं की भागतं. जेवायच्या टेबलावर ओरखडे पडणारच, मुलं आहेत घरात. आधी 80, मग 120, मग 180 चा पेपर. त्यानंतर ओल्या फडक्याने पुसलं, उठलेली लव वाळू दिली आणि 220 ने उतरवली. मग बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ. दर वेळी वीसेक मिनिटं मुरू द्यायचं आणि वर राहिलेलं सगळं पुसून घ्यायचं, नाहीतर आठवडाभर चिकट राहतं. पुढे वर्षा-दोन वर्षांनी तू स्वतः हे करशील, तेव्हा तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळ्यातली उष्णता अडकते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती दोरीवर पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून ठेव.

आत्ता रंग हळदीसारखा आहे. तो तसा राहणार नाही. उजेडाने गडद होत होत तांबूस तपकिरी होईल, तुमच्या माजघराच्या दारासारखा. ते दारही फणसाचंच, ठाऊक आहे ना? म्हणून पहिले काही महिने एकाच जागी फुलदाणी किंवा टेबलक्लॉथ ठेवू नकोस, त्याखालचा भाग फिका राहील. गरम पातेलं मात्र कधीच थेट टेकवायचं नाही, हे वहिनींना माझ्यातर्फे सांग.

सहा फूट बाय तीन फूट, उंची तीस इंच. सहा जण ऐसपैस बसतील. टेम्पोवाल्याशी बोलणं झालंय. फळी आणि चौकट वेगळी करून पाठवतो, गुटक्यांचे स्क्रू पिशवीत बांधून देतो. तेवढं तुमच्या जिन्याच्या वळणाचं माप टेपने घेऊन कळव, फळी उभी वळवता येते का ते बघायचंय.

तुझा,
बाळ्या