आईच्या उजव्या हाताबद्दल

नेरूळ, रविवार रात्र

प्रिय आई-बाबा,

फोनवर आई मला वाक्य पुरं करू देत नाही, आणि बाबा, तुम्ही "तिच्याशीच बोल" म्हणून मोकळे होता. म्हणून हे पत्र.

आईच्या ऑपरेशनची तारीख मी घेतली आहे. २५ तारीख, शनिवार. आणि सोमवारी २० तारखेपासून पोळ्यांना बाई येतील. विचारायला हवं होतं, मान्य. पण विचारलं असतं तर आधी नवरात्र होऊ दे, मग फराळ होऊ दे, मग संक्रांत आली असती.

गणपतीत मोदकांच्या कळ्या एकाच बाजूला कलल्या आणि मी हसले, "यंदा मोदकांनी टोप्या घातल्यात!" तूही हसलीस. मग ओट्यापाशी हात झटकत उभी राहिलीस. मी ते पाहिलं, तरी डबा भरून घेतला आणि ठाण्याहून पनवेल गाडी पकडली. ते हसणं अजून टोचतं.

बाबा, तुम्ही म्हणता मानेचं असेल, वयही झालं. मानेमुळेही मुंग्या येतात, म्हणून तर डॉक्टरांनी मान आधी तपासली. पण रात्री तीनला मुंग्यांनी जाग येणं, हात झटकला की बरं वाटणं, अंगठ्यापासून अर्ध्या अनामिकेपर्यंत बधिर आणि करंगळी मात्र ठणठणीत, ही मनगटात दबलेल्या नसेची लक्षणं. कार्पल टनेल. आई ज्याला "शॉक दिले मेल्यांनी" म्हणते, त्या तपासणीतही तेच आलं. साखरेमुळे हे जास्त होतं. रात्रीचा पट्टा तीन महिने झाला, इंजेक्शनने दोन महिने बरे गेले, मग ये रे माझ्या मागल्या. आता अंगठ्याखालचा मांसल भाग सपाट होतोय. आणखी थांबलो तर गेलेली ताकद पुरती परत येईलच असं नाही. घाई त्यासाठी, मला हौस नाही.

आई, तुझ्या डोळ्यांसमोर माईमावशीचे हात आहेत, ठाऊक आहे मला. तिचा आमवात होता. सकाळी तास-दीड तास मूठ वळत नसे. तुझं तसं नाही. आमवातासाठी करतात त्या रक्ततपासण्या, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, दोन्ही नॉर्मल आल्यात, डॉक्टरांनी सांधेही दाबून पाहिले. तुझ्या बोटांच्या टोकांजवळच्या गाठी झिजेच्या, अंगठ्याच्या मुळाशी दुखतं तेही झिजेनेच. ते या ऑपरेशनने जाणार नाही, आत्ताच सांगते, नाहीतर म्हणशील फसवलं. त्याला अंगठ्याचा पट्टा, मेणाचा शेक, लावायचं जेल, आणि कुकरचं झाकण बाबांनी उघडणं.

भूल फक्त हाताला देतात. तळहाताच्या मुळाशी छोटा छेद घेऊन नसेवरचा घट्ट पडदा कापतात, तिला जागा होते. संध्याकाळी तू आपल्या पलंगावर, तुझ्याच उशीवर. रात्रीच्या मुंग्या बहुतेक लवकर थांबतील. पकड यायला महिने लागतील, तेवढा धीर धर.

बाई तुझ्या पोळपाटाला हात लावणार नाहीत, मी नवा आणलाय. फोडणी तुझी, मीठ तुझं. पहिले चार दिवस पोळ्या जाड होतील, बाबांनी गप्प बसून खाव्यात.

शाळेत जाताना तू माझी वेणी इतकी घट्ट घालायचीस की भुवया वर चढायच्या. परवा चिऊच्या केसांना रबर लावताना तुझ्या हातून दोनदा सुटलं, आणि तू तिला म्हणालीस, "तुझे केसच गुळगुळीत." तिला पटलं. मला नाही.

बाबा, केमिस्टकडून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या कपाटातून काढा. आईला बीपी आणि साखर दोन्ही आहेत, त्या किडनीला बाधतात. बाकीची एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नका, सगळ्या एका पिशवीत भरून ठेवा, डॉक्टरांना दाखवायच्यात. साखर रोज वहीत लिहा. गावदेवी मार्केटची भाजी तुम्ही आणायची, पिशवी तिच्या हातात द्यायची नाही. ऑपरेशननंतर तलावपाळीवर चक्कर चालेल, हात उंच ठेवून, बोटं हलवत.

उजव्या हातातल्या बांगड्या आणि पाटली आधी काढायला लागेल. पाटली निघाली नाही तर ओढू नकोस. शुक्रवारी सहाच्या आत येते, साबण लावून हळूच काढू. पूर्वी माझ्या हातात काचेच्या बांगड्या चढवायचीस, तशी.

तुमची,
मनी