मुलांच्या फीमधून वाटेत किती गळते, ते सहीच्या आधी कळू द्या

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

महोदय,

माझी मुलगी जर्मनीत एमएस करते आहे. व्हिसासाठी तिच्या नावाने ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, 11,904 युरो भरायचे होते, म्हणजे महिन्याला 992 युरोप्रमाणे वर्षभराचा खर्च. खाते उघडून देणाऱ्या कंपनीचे शुल्क धरून, सेंटपर्यंत हिशेब करून मी आमच्या बँकेतून पैसे पाठवले. तिकडे पोचले तेव्हा ते 18 युरोंनी कमी होते. वाटेतल्या कुठल्या तरी बँकेने आपले शुल्क कापून घेतले होते.

18 युरो गेल्याचे एवढे वाटले नसते. पण रक्कम पुरी झाल्याशिवाय खात्याचे प्रमाणपत्र निघत नाही, आणि ते नसेल तर व्हिसाची फाइल अपुरी. अपॉइंटमेंट नऊ दिवसांवर आलेली. पुन्हा शाखेत गेले, पुन्हा परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म, पुन्हा हेतूच्या रकान्यात शिक्षणासाठीचा संकेतांक एस 0305, पुन्हा स्विफ्टचे, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून पैसे पाठवण्याचे, शुल्क. कमी पडलेल्या 18 युरोंसाठी मी 40 युरो पाठवले, कारण या खेपेला किती कापले जातील हे काउंटरवर कोणालाच सांगता येईना. प्रमाणपत्र आठव्या दिवशी हातात पडले. ते आठ दिवस आमच्या घरात कोणी धड जेवले नाही.

नंतर तो फॉर्म नीट वाचला. त्यात एक छोटा चौकोन असतो: परदेशी बँकांचे शुल्क कोणी सोसायचे? 'ओयूआर' म्हणजे पाठवणाऱ्याने, 'बीईएन' म्हणजे घेणाऱ्याने, 'एसएचए' म्हणजे दोघांनी वाटून. माझ्या फॉर्मवर 'एसएचए'समोर आधीच खूण केलेली होती. मला कोणी विचारले नाही, मीही विचारले नाही. विद्यापीठाची फी असो की ब्लॉक्ड अकाउंट, जिथे ठरलेली रक्कम तंतोतंत पोचायला हवी, तिथे हा प्रश्न तोंडी विचारून घेणे बँकेवर बंधनकारक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पण खरी गळती त्या चौकोनात नव्हती. पावतीवर स्विफ्टचे शुल्क होते, जीएसटी होता, आणि युरोचा दर होता. "मॅडम, आमचे चार्जेस एवढेच," असे तिथल्या मुलाने सांगितले, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे ते खरेच होते. रात्री मी तो दर त्या दिवशीच्या संदर्भ दराशी ताडून पाहिला. हे दर पूर्वी आपली बँक जाहीर करत असे, 2018 पासून एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) ही संस्था करते. फरक युरोमागे जवळपास दोन रुपये निघाला. 11,904 युरोंवर दोन रुपये म्हणजे 23,808 रुपये. हा आकडा पावतीवर कुठेच नव्हता.

चलन बदलून देणाऱ्या बँकेने काही कमवूच नये, असे माझे म्हणणे नाही. तिलाही जोखीम असते, माणसे असतात. पण कमावलेला पैसा दिसला पाहिजे. त्याच पावतीवरचा जीएसटी बघा. पहिल्या एक लाखावर एक टक्का, पुढे दहा लाखांपर्यंत अर्धा टक्का, त्यापुढे 0.1 टक्का असे सेवेचे मूल्य धरायचे आणि त्यावर 18 टक्के कर लावायचा, हे नियमात लिहिलेले आहे. कोणालाही कागद-पेन घेऊन तपासता येते. बँकेचे मार्जिन तसे का तपासता येऊ नये?

आमच्यासारख्या पालकांत सगळी चर्चा टीसीएसची, म्हणजे ठरलेल्या मर्यादेवर पैसे बाहेर पाठवताना बँक आगाऊ घेते त्या कराची, चालते. 2025च्या अर्थसंकल्पात त्याची मर्यादा सात लाखांवरून दहा लाखांवर गेली, वित्तसंस्थांच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो उरला नाही, हे चांगलेच झाले. पण टीसीएस विवरणपत्र भरताना करात वळता होतो, जास्त असेल तर परत मिळतो. दरात गेलेले पैसे कुठल्याच विवरणपत्रात परत मागता येत नाहीत.

मुलगी तिकडे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एटीएमने तिला विचारले, रुपयांत की युरोंत? रुपयांचा आकडा ओळखीचा वाटला म्हणून तिने रुपये निवडले, आणि ठरलेल्या जाळ्यात सापडली. रुपये निवडले की दर त्या मशीनवाल्याचा, आणि तो जवळजवळ नेहमीच महाग पडतो. युरो निवडले तरी आमच्या इथल्या कार्डावर 3.5 टक्के मार्कअप आणि वर जीएसटी होताच. आता तिने तिकडेच खाते उघडले आहे, दरमहा सुटणारे 992 युरो त्यातच येतात, इथले कार्ड अडीअडचणीपुरते ठेवले आहे. मीही दर महिन्याला थोडे थोडे पाठवायचे सोडून सहामाहीला एकदाच पाठवते, कारण स्विफ्टचे शुल्क लहान रकमेलाही तेवढेच लागते. हे सगळे आम्ही पैसे घालवून शिकलो. आज बारावीनंतर बाहेर निघालेल्या मुलांना हे कोण सांगणार?

महोदय, मार्ग आपल्याच घरात आहे. किरकोळ ग्राहकाला बाजारभावाने परकीय चलन मिळावे म्हणून 2019 साली क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने एफएक्स-रिटेल हा ऑनलाइन मंच सुरू केला. तो भारत कनेक्ट या बिल भरण्याच्या व्यवस्थेशी जोडण्याची घोषणा आपल्या बँकेने डिसेंबर 2024मध्ये केली. पण माझ्या शाखेत हे नाव कोणी ऐकलेले नव्हते. सुरुवात डॉलरपासून झाली. मुले ज्या ज्या चलनात फी भरतात त्या सगळ्यांत ही सोय पोचावी, आणि ती असल्याचे ए-टू फॉर्मच्या पहिल्या पानावर मराठीत, त्या त्या राज्याच्या भाषेत छापलेले असावे.

युरोपीय संघाने एप्रिल 2020पासून कार्डाने पैसे देताना किंवा एटीएममधून काढताना चलनबदलाचा खर्च युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दराच्या वर किती टक्के, असा दाखवणे सक्तीचे केले आहे. सीमापार किरकोळ व्यवहारांचा सरासरी खर्च 2027अखेर एक टक्क्यावर आणायचे उद्दिष्ट जी-20 देशांनी ठेवले आहे, आणि त्यात आपणही आहोत. देशातल्या देशात हे आपण करून दाखवलेच आहे. 2020पासून बचत खातेदाराला ऑनलाइन एनईएफटीचे शुल्क लागत नाही.

मुलीचा जर्मनीत राहण्याचा पहिल्या वर्षाचा परवाना सप्टेंबरात संपतो. नूतनीकरणासाठी खर्चाची सोय पुन्हा दाखवायची आहे, म्हणजे मला पुन्हा त्याच काउंटरवर जायचे आहे. या वेळी सहीच्या जागेच्या वर त्या दिवसाचा एफबीआयएल दर आणि बँकेचा दर शेजारी-शेजारी लिहिलेला असावा, आणि खाली समोरच्या खात्यात नेमके किती युरो जमा होतील ते. तेवढा आदेश आपण सप्टेंबरच्या आत काढावा, ही विनंती.

आपली,
परदेशी शिकणाऱ्या एका मुलीची आई